आबांची गप्प सभा

माझे वडील क्वेकर होते, हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा समोरच्यानं "काय होते?" असं विचारलंय. शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत, लग्न जुळवायला आलेल्या मावशांपुढे. मग मी तेच पुराण पुन्हा लावायची. अहो, ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, पण यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, बाप्तिस्मा नाही. रविवारी जमतात आणि गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो बोलतो, नाही वाटलं तर तासाभरानं एकमेकांचे हात हातात घेऊन घरी जातात. समोरचा म्हणायचा, "मग धर्म कुठाय त्यात?" या प्रश्नाचं उत्तर आबांनी मला कधी धड दिलं नाही, म्हणून मीही कुणाला दिलेलं नाही.

तरुणपणी आबा कामाच्या शोधात मध्य प्रदेशात गेले होते. तिथं क्वेकरांच्या एका शेतीकेंद्रावर ते हातपंप बसवायला आणि दुरुस्त करायला शिकले, आणि पान्यांच्या पेटीबरोबर हा गप्प बसण्याचा रोगही घेऊन आले. रोग हा आईचा शब्द. आमचं घर बौद्ध. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अरं, आपन एकदा धर्म बदलला त्यो पुरं नाय का?" आबा म्हणाले, "बदलला कुठं? मी नुसता बसतो." बरं, ख्रिस्ती म्हणावं तर खोपोलीचे एक फादर त्यांना सांगून मोकळे झाले की बाप्तिस्मा नाही तर तुम्ही आमचे नाही. म्हणजे ना घरचे ना घाटचे. आई तर एकदा विहारातल्या मूर्तीकडे बोट करून कडाडली, "आमचे बुद्ध काय बडबड करत्यात? तेबी गप्पच बसल्यात! तेवढ्यासाठी एवढं लांब कशाला जायाला पायजे व्हतं?" आबा हसले. हसणं हेच त्यांचं उत्तर असायचं, आणि त्यानं आई आणखी भडकायची.

आमचं गाव लोधिवलीच्या अलीकडे, मुंबई-पुणे हमरस्त्यापासून थोडं आत. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, मागे चूल. रविवारी सकाळी आबा पडवीत चटई टाकून बसायचे आणि आम्हा भावंडांना शेजारी बसवायचे. एक तास. दहा वर्षांच्या पोरीला एक तास! मला आठवतात ते फक्त आवाज. हमरस्त्यावर चढाला लागलेले ट्रक गियर बदलताना कण्हायचे. आत आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि त्या दिवशी मुद्दाम जरा जोरात थापायची. मग तव्यावर सुकट पडायची, तिचा वास पडवीभर यायचा आणि माझ्या पोटात इतकं गुरगुरायचं की धाकटा भाऊ फिस्सकन हसायचा. आबा डोळे मिटलेलेच. तासाभरानं ते डोळे उघडून आमचे हात हातात घ्यायचे आणि विचारायचे, "काय ऐकू आलं?" मी म्हणायची, "सुकट." ते म्हणायचे, "बरं." यावर माणसानं काय बोलावं?

त्यांच्या मते प्रत्येक माणसाच्या आत एक उजेड असतो, देवाचा म्हणा, कुणाचाही म्हणा. मामलेदारात आहे तसाच कातकरीवाडीतल्या म्हातारीतही आहे. म्हणून कुणावर हात उगारायचा नाही आणि कुणापुढे वाकायचंही नाही. ऐकायला छान वाटतं, पण घरात राहून बघा. हा माणूस वाडीवर पंप दुरुस्त करायला गेला की कातकरी गड्यांना "तुम्ही बसा, मी करतो" म्हणायचा. ज्यांना उभ्या जन्मात कुणी अहो-जाहो केलं नाही ते बिचारे आधी मागे वळून बघायचे, कुणाशी बोलतोय म्हणून. आणि कचेरीत गेला की मामलेदारालाही तेवढंच "तुम्ही". साहेब नाही, रावसाहेब नाही. वाडीच्या पंपासाठी पाइप मागणारा अर्ज मग सहा-सहा महिने तसाच पडून राहायचा. आई म्हणायची, "साहेब म्हनला तर जीभ झडंल काय तुमची?" आम्हाला घरात आईशप्पथसुद्धा म्हणायची बंदी. रोज खरंच बोलायचं तर आज वेगळी शपथ कशाला, हा त्यांचा सवाल. शाळेत मुलं शपथा घालून खेळायची आणि मी आपली "मी खरं सांगतेय" म्हणत उभी. कोण खेळायला घेणार?

पण सगळ्यात कहर म्हणजे त्यांची सभा. क्वेकर लोक मतदान घेत नाहीत. कधीच नाही. दहा जण हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तर ते थांबतात. पुन्हा गप्प बसतात. पुन्हा विचारतात. जे ठरेल ते तिथल्या तिथं वहीत लिहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि बसलेल्या प्रत्येकाला पटलं तरच ते ठरलं. आता मी नेरळला फ्लॅटमध्ये राहते. आमच्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये तीन मिनिटांत हात वर होतात आणि त्यावरून पुढे तीन वर्षं भांडणं चालतात. तरीही सांगते, आबांच्या सभेत एक रविवार काढण्यापेक्षा मी तीन वर्षं भांडेन.

मी अकरावीत नापास होऊन घरी बसले होते त्या वर्षीची गोष्ट. गावात मुसलमानांची आठ-दहा घरं, मूळची किनाऱ्याकडची. त्यांचं कब्रस्तान गावामागच्या टेकाडाखाली. तिकडे जायची जुनी वाट एका शेतातून होती. ते शेत बाहेरच्या माणसानं घेतलं आणि तारेचं कुंपण घातलं. त्यानंतर मयत न्यायची झाली की हमरस्त्यानं तीन किलोमीटरचा वळसा आणि वर ओढा. एका मयतीच्या वेळी पोरांनी तार तोडली, शेताच्या राखणीला ठेवलेली कुणबी आळीतली पोरं आडवी आली, काठ्या निघाल्या, आणि बबनकाकांच्या पुतण्याचं डोकं फुटलं. दोन दिवस गावात पोलीस बसून होते. तेव्हा आबा घरोघर फिरले आणि कुणबी आळी, आमची आळी, मुसलमान मोहल्ला असे चार-चार मिळून बारा जण शाळेच्या व्हरांड्यात बसवले. सरपंचानं सांगितलं होतं की गायरानाच्या कडेनं नवी वाट काढायला त्याची हरकत नाही, पण गावाचं ठरू द्या, मला पुन्हा काठ्या नकोत. आबा सभा चालवणार आणि मी वही लिहिणार. घरी बसलेली होतेच ना!

पहिल्याच रविवारी अकरा जण हो म्हणाले. बारावे बबनकाका. बुटका, काळासावळा, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. म्हणाले, "गायरानातनं वाट नको."

"का नको?" सगळ्यांनी विचारलं.

"मला नाय पटत."

झालं. आबा म्हणाले, "मग आपण जरा बसू." आणि सगळे बसले. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. भाताची पेरणी झाली, लावणी झाली, आणि आम्ही व्हरांड्यात माशा हाकत बसलेलो. वहीत मी दर वेळी तेच वाक्य लिहायची: आज ठरलं नाही, पुन्हा बसायचं ठरलं. एकदा वैतागून मी तारीख बदलून मागचंच पान दाखवलं. आबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो हुसेनचाचांचा. शाळेशेजारी त्यांचं पाव-बटर आणि बिडी-काडीचं दुकान. चाची अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. चाचांचे गुडघे गेलेले, काठी घेऊन दुकानापासून मशिदीपर्यंत जायचे तेवढंच. एकदा मी पाव आणायला गेले तर पाव कागदात बांधता बांधता म्हणाले, "बेटा, पंचेचाळीस वर्षं तिनं मला जेवू घातलं. तिला पोचवायला मी शेवटपर्यंत चालत जायला हवं ना? टेकाडापर्यंत कसाबसा चालेन. तीन किलोमीटर नाही चालवणार मला." मी घरी आले आणि आबांच्या अंगावरच गेले. "चाची वाट बघणार आहे का तुमच्या सभेची? त्या बबनकाकाच्या मनात विष आहे. पुतण्याचं डोकं फुटलं त्याचा डूख धरलाय त्यानं, बाकी काही नाही!"

आबा पान्याला तेल लावत होते. म्हणाले, "एक माणूस नाही म्हणतोय आणि का ते सांगत नाही. म्हणजे आपल्याला अजून काहीतरी ऐकू आलेलं नाही."

"तो बोलतच नाही तर ऐकू काय येणार, डोंबल?"

"म्हणून तर बसायचं."

मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. आईसुद्धा त्या दिवशी माझ्या बाजूनं होती, आणि आमच्या घरात हे ग्रहणाइतकं क्वचित घडायचं.

आठव्या रविवारच्या आधी आबा नेरळकडे एका वाडीवर पंप दुरुस्तीला गेले आणि तिथं हिवतापानं पडले. निरोप आला की चार दिवस येत नाही, सभा पुढे ढकला. मी ढकलली नाही. वही घेऊन व्हरांड्यात गेले, आबांच्या जागेवर बसले आणि म्हटलं, "आबा आजारी आहेत. चाचीची तब्येत तुम्हाला माहीत आहे. वाट द्यायची असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शाळेच्या शांताराम मास्तरांनी हात वर केला, त्यांच्यामागे एकेक करत एकूण अकरा हात. मी मोजले आणि वहीत लिहिलं: ठरलं. बबनकाका उठले, टोपी नीट केली आणि गेले. जाताना माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला राग ओळखता येत होता, घरात रोज आरशात बघायची मी. ते काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि कळून घ्यायला सवड कुणाला होती? मास्तर म्हणाले, "सुटलो बाई एकदाचे!" कुणीतरी चहा आणला. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी इतकी खूश होते की घरी जाऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या.

साजगावला तेव्हा एका कारखान्याचं काम चाललं होतं. मास्तरांचा मेहुणा तिथं डोझरवर होता. तो डोझर मंगळवारी ट्रेलरवरून पनवेलकडे जाणार होता. मेहुणा म्हणाला, वाटेत दोन तास उतरवतो, गायरानाची कड सपाट करून देतो, लोकांची सोय होईल. मंगळवारी सकाळी अख्खं गाव गायरानात. पोरं तर शाळा बुडवून आलेली. बबनकाका कामाला गेलेले. त्यांची बायको हिराकाकू नेहमीसारख्या शेण गोळा करायला आल्या होत्या, त्याही पाटी डोक्यावर घेऊन बघत थांबल्या. डोझर घरघरला, पातं खाली आलं आणि बांधाची माती, दगड, झुडपं सगळं पुढे लोटत निघाला. मी सगळ्यांत पुढे उभी. अर्ध्या वाटेवर एक करंजाचं झाड होतं. त्याच्या बुडाशी चार दगड एकावर एक होते, ते पात्यानं ढकलले आणि गडगडले.

तेवढ्यात डोझरचा आवाज ऐकून ओढ्याच्या बाजूनं बबनकाका धावत आले. टोपी पडलेली, धोतर गुडघ्यावर. ते थेट डोझरपुढे जाऊन बसले. मेहुण्यानं करकचून ब्रेक मारला आणि शिव्या घातल्या. काका त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. दोन्ही हातांनी सुटी माती मागे ओढत होते, दगड पुन्हा जागेवर ठेवत होते.

मास्तर पुढे झाले. "बबन, अरं काय करतोस? ऊठ!"

"माजी पोर हाय हितं," बबनकाका म्हणाले. "हितून नका न्हेऊ. माजी पोर हाय."

कुणालाच काही कळेना. इंजिन बंद झालं होतं. गर्दीतून हिराकाकू पुढे आल्या, पाटी तशीच डोक्यावर.

"काय बोलताव?" त्या म्हणाल्या. "आपली पोर तर नदीकाठाला हाय."

बबनकाकांनी मान वर केली नाही. मातीकडे बघत त्यांनी सांगितलं, आणि तिथल्या दोनशे माणसांनी ते ऐकलं. बारा वर्षांपूर्वी त्यांची नऊ महिन्यांची मुलगी पावसाळ्यात तापानं गेली होती. आमच्याकडे एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. गावची ती जागा नदीपलीकडे. काकूही तापानं फणफणलेल्या होत्या, म्हणून काका एकटेच पोरीला घेऊन निघाले. नदीला पूर आलेला. उतरता येईना, परतही जाववेना. शेवटी त्यांनी तिला इथं करंजाखाली ठेवलं. बायकोला सांगितलं की जिथं सगळ्यांची ठेवतात तिथंच ठेवली, चांगल्या जागी. काकू दर वर्षी त्या दिवशी नदी ओलांडून दूधभात ठेवून यायच्या. आणि काका कधीतरी एकटेच गायरानात यायचे.

हिराकाकूंच्या डोक्यावरची पाटी खाली आली. त्या रडल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग वळल्या आणि गावाकडे चालायला लागल्या. वाटेत बायका बाजूला झाल्या. मी तिथं वही घेऊन उभी होते. वही कशाला आणली होती कोण जाणे! वाट झाली असं लिहायला आणली असणार.

वाट झाली. हुसेनचाचा काठी टेकत करंजापर्यंत आले आणि म्हणाले, लेकरावरून मला जायचं नाही, मी वळसा घालून जाईन, नाही तर जाणारच नाही. मग बबनकाकांनीच सांगितलं, झाडाला बगल द्या, दहा पावलं बाजूनं न्या. दोन दिवसांत गावानं पहारी-फावड्यांनी ते वळण काढलं. आठ दिवसांनी चाची गेली, आणि चाचा तिच्यामागे टेकाडापर्यंत चालत गेले. म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर कितीतरी वर्षं मी हेच स्वतःला सांगत आले.

आबा तापातून उठून आले, पिवळे पडलेले. आईनं त्यांना सगळं सांगितलं. मी चुलीपाशी बसले होते, आता ओरडतील म्हणून वाट बघत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. तोंडात वाक्यं तयार होती: तुमच्या त्या सभेनं आठ रविवार खाल्ले, तुमच्यानं झालं नाही ते मी केलं, तुम्ही बसला असता चाची मरेपर्यंत. ते ओरडलेच नाहीत. पेज प्यायले. रविवारी बारा जण बसले, बबनकाकाही आले, आणि आबांनी स्वतः वहीत लिहून वाचून दाखवलं: "या सभेनं घाई केली. ती घाई लिहिणाऱ्याच्या घरातून आली." माझं नाव नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. एक थोबाडीत दिली असती तर काय बिघडलं असतं या माणसाचं? पण त्यांना हात उगारायचाच नव्हता ना कुणावर!

महिनाभरानं मी हिराकाकूंकडे गेले. आईनं वालाचं बिरडं डब्यात भरून दिलं होतं, मोकळ्या हातानं जाऊ नको म्हणून. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बबनकाका शेतात. मी डबा ठेवला आणि माफी मागायला लागले. वाटेत तयार केलेलं सगळं बोलले: चाचीसाठी केलं, मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर केलं नसतं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"तुला ठाव नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तुज्या बापाला बी ठाव नव्हतं. पर त्यो थांबला व्हता. आमचा ह्यो दर आयतवारी तिकडनं येऊन रात्री माज्याशेजारी बसायचा. काय तरी बोलायचंय असं तोंड करून. मी म्हनायची, काय वो? तर म्हनायचा, काय नाय. आठ आयतवार. म्या वळकलं व्हतं, ह्याच्या पोटात काय तरी हाय, आज ना उद्या बोलंल."

त्यांनी पुन्हा सूप ओढलं, दोन खडे काढून टाकले.

"मला माज्या नवऱ्यानं सांगायचं व्हतं गं ते. घरात. मला डोजरनं सांगितलं, गावादेखत."